लेव्हल पाचचा हिशेब: मल्टिक्लास, एएसआय आणि अर्ध्या डंजनमधली बढती

संत्रानगरी_डीएम
नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत दर रविवारी दुपारी आमचं टेबल बसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिका-खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पाच खेळाडू आहेत, सगळे चौथ्या लेव्हलवर, प्रत्येकाचे ६२५० एक्सपी (अनुभवाचे गुण). गेल्या रविवारी डंजनच्या दुसऱ्या मजल्यावर दोन ओगर (राक्षस) पडले. समायोजित एक्सपी १३५० झाले, पाचांत वाटले तर २७० प्रत्येकी, म्हणजे एकूण ६५२०. पाचव्या लेव्हलला ६५०० लागतात, म्हणून खेळ तिथेच थांबवला. आता तीन मुद्द्यांवर टेबलाचं एकमत होत नाही.

एक, फायटर (योद्धा) ३ आणि रोग (चोर) १ असं मल्टिक्लास, म्हणजे दोन क्लासांत लेव्हल घेतलेलं, एक पात्र आहे. खेळाडूचं म्हणणं, चौथी लेव्हल झाली तेव्हाच अ‍ॅबिलिटी स्कोअर वाढायला हवा होता, म्हणजे एएसआय मिळायला हवी होती. शिवाय आता पाचवीला एक्स्ट्रा अटॅकही (एका पाळीत जादा वार) हवा.

दोन, विझार्ड (जादूगार) ४ आता क्लेरिकची (पुजारी) पहिली लेव्हल घेतो आहे. त्याला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या जागा) मिळतात, मग त्याच्या मंत्रांच्या पोथीत फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा मंत्र लिहू द्यायचा का?

तीन, पार्टी अजून डंजनमध्येच आहे, विश्रांती झालेली नाही. नवे हिट पॉइंट (जीवाचे गुण) आणि नवे स्लॉट लगेच द्यायचे की लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर)?

पुढच्या रविवारच्या आत पात्रांच्या शीट तयार करायच्या आहेत.

बर्डीकर
थोडक्यात सांगतो. पहिल्याला नाही आणि नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला पुस्तक अर्धंच बोलतं, उरलेलं डीएमने ठरवायचं.

एएसआय ही क्लासच्या लेव्हलवर मिळते, पात्राच्या एकूण लेव्हलवर नाही. प्रत्येक क्लासच्या तक्त्यात ४, ८, १२, १६, १९ या ओळींत ती लिहिलेली आहे. फायटरला त्याशिवाय ६ आणि १४ला, रोगला १०ला. तुमचं पात्र फायटरच्या तिसऱ्या ओळीवर आणि रोगच्या पहिल्या ओळीवर आहे, एएसआय दोन्हीकडे आलेली नाही. आता त्याने फायटर ४ घेतला तर एएसआय मिळेल, एकूण लेव्हल ५ असताना. एक्स्ट्रा अटॅक फायटरच्या पाचव्या ओळीत आहे, तो एकूण सहाव्या लेव्हलला येईल. रोगची एक लेव्हल घेण्याची किंमत हीच, पुढचं सगळं एक पायरी मागे सरकतं.

त्याच्या हातात लगेच पडतं ते प्रोफिशियन्सी बोनसचं, म्हणजे फाशात मिळवायच्या कसबाच्या आकड्याचं, +३. तो मात्र एकूण लेव्हलवरच चालतो.

तर्रीबाज
'फायटर ३, रोग १' हे घरात कोणी वाचलं तर आधी डॉक्टरला फोन करतील भाऊ.

वीसफासा
दुसऱ्या मुद्द्यावर बर्डीकरांशी असहमत. विझार्डच्या पानावर काय लिहिलंय ते बघा ना. लेव्हल वाढली की दोन मंत्र फुकट पोथीत लिहायचे, आणि ज्या लेव्हलचे स्लॉट तुमच्याकडे आहेत त्या लेव्हलचे ते असावेत. विझार्ड ४ आणि क्लेरिक १ म्हणजे एकूण पाच. मल्टिक्लासच्या तक्त्यात पाचव्या ओळीवर पहिल्या लेव्हलचे चार, दुसरीचे तीन आणि तिसरीचे दोन स्लॉट आहेत. स्लॉट आहेत तर फायरबॉल काहून नाही?

मंत्रपोथी
वीसफासा, वाचन प्रामाणिक आहे, पण त्या वाक्याच्या शेपटाला 'विझार्डच्या तक्त्यात दाखवल्याप्रमाणे' असं जोडलेलं आहे. विझार्डच्या तक्त्याची चौथी ओळ बघा: पहिल्याचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसरीच्या खाली रेघ. मल्टिक्लासचा तक्ता वेगळा आहे आणि तो फक्त स्लॉट मोजायला आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे तो आता विझार्डची लेव्हल घेतच नाहीये. फुकटचे दोन मंत्र विझार्डची लेव्हल वाढली तरच मिळतात. क्लेरिक १ घेतल्यावर पोथीत शून्य भर.

मल्टिक्लासच्या प्रकरणात नियम स्पष्ट आहे. कोणते मंत्र माहीत आणि कोणते तयार हे प्रत्येक क्लाससाठी वेगळं ठरवायचं, जणू त्या पात्राचा तो एकच क्लास आहे. स्लॉट मात्र एका पिशवीत. म्हणून हे पात्र विझार्ड म्हणून दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे मंत्र तयार करू शकतं, क्लेरिक म्हणून फक्त पहिलीचे. तिसरीचे दोन स्लॉट वाया जात नाहीत, त्यांत खालचा मंत्र वाढवून टाकायचा. मॅजिक मिसाइल पहिल्या स्लॉटमध्ये तीन बाण, तिसऱ्यात पाच. स्कॉर्चिंग रे तीनऐवजी चार किरणं, प्रत्येकी २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे). शॅटर ३डी८चा ४डी८ होतो. क्लेरिक बाजूने क्युअर वूंड्स १डी८चा ३डी८.

आणखी एक खात्री करून घ्या. विझार्ड सोडून क्लेरिक घ्यायला इंटेलिजन्स १३ आणि विझ्डम १३ दोन्ही लागतात. नव्या क्लासची अट पाहतात आणि जुन्याची विसरतात, ही नेहमीची चूक आहे.

संत्रानगरी_डीएम
इंटेलिजन्स १८, विझ्डम १३, कॉन्स्टिट्यूशन १४. अट पुरी होते.

वीसफासा
'तक्त्यात दाखवल्याप्रमाणे' हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, मान्य. मग उपप्रश्न. डंजनमध्ये फायरबॉलचा स्क्रोल सापडला तर तो पोथीत उतरवता येईल? उतरवायला दर मंत्र-लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी, म्हणजे ६ तास आणि १५०. तेवढं त्याच्याकडे असेल.

मंत्रपोथी
नाही. सापडलेला मंत्र उतरवायलाही अट हीच की त्या लेव्हलचा मंत्र तुम्ही तयार करू शकता. विझार्ड ५ होईपर्यंत तो स्क्रोल पिशवीत ठेवावा. घाईने वाचूनच टाकायचं म्हटलं तर मंत्र विझार्डच्या यादीतला आहे, पण त्याच्या झेपेपेक्षा वरचा असल्यामुळे १० अधिक मंत्राची लेव्हल, म्हणजे १३ डीसीची (फाशावर गाठायचा आकडा) चाचणी लागेल. चुकली तर मंत्र स्क्रोलवरून पुसला जातो. पोथीसाठी जपायचा असेल तर ही जोखीम घेऊ नका.

जुनाफासा
एएसआयचा गोंधळ कुठून येतो ते सांगतो. तो खेळाडू बहुतेक तिसऱ्या आवृत्तीवर वाढलेला असावा. तिसरी आवृत्ती २०००ची. तीत अ‍ॅबिलिटी वाढायची ती एकूण लेव्हल ४, ८, १२ला, क्लास कोणताही असो. फीटसुद्धा (खास कसब) एकूण लेव्हलवर. त्या हिशेबाने त्याचं म्हणणं पूर्ण बरोबर ठरतं. पाचव्या आवृत्तीने एएसआय उचलून क्लासच्या तक्त्यात टाकली आणि फीट तिच्याच बदल्यात ठेवली.

त्याच तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक नियम होता. एका वेळी एकच लेव्हल चढायची. एक्सपी दोन लेव्हलला पुरतील इतके मिळाले तर पुढच्या उंबरठ्याच्या एक अंक अलीकडे थांबायचं. २०१४मध्ये असा अडसर नाही.

त्याही मागे गेलात तर क्लासगणिक तक्ताच वेगळा. १९८१च्या बेसिक संचात दुसऱ्या लेव्हलला चोराला १२००, फायटरला २०००, जादूगाराला २५००, एल्फला ४०००. एकाच टेबलावर एकाच लढाईनंतर चोर चढायचा आणि एल्फ बसून राहायचा. आज सगळ्यांना ३००, ९००, २७००, ६५०० हे एकच जिने आहेत, म्हणून 'लेव्हल' म्हटलं की माणूस एकूण लेव्हलच धरतो.

गणिताची_वही
फायटर-रोगच्या हिट पॉइंटवर आत्ताच लिहून ठेवते, कारण तो फायटर ४ला कॉन्स्टिट्यूशन वाढवणार असेल तर हमखास एका अंकाची चूक होते. डीएम, त्याचं कॉन किती आहे?

संत्रानगरी_डीएम
१५. एएसआय मिळाली तर कॉन आणि डेक्स्टेरिटी दोन्हींत एक-एक टाकायचं म्हणतो. हिट पॉइंट ठरलेल्या आकड्याने घेतो, फासा टाकत नाही.

गणिताची_वही
छान, उदाहरण त्याचंच घेते.

पहिली लेव्हल फायटर: पूर्ण १० अधिक कॉनचे २, म्हणजे १२. फायटर २: ६ + २, झाले २०. फायटर ३: पुन्हा ८, झाले २८. रोग १: ५ + २, झाले ३५. रोगची पहिली लेव्हल असली तरी ८ पूर्ण मिळत नाहीत. पूर्ण फासा फक्त पात्राच्या अगदी पहिल्या लेव्हलला.

आता फायटर ४. कॉन १५चं १६ झालं, त्यातून निघणारा अधिकचा आकडा, म्हणजे मॉडिफायर, +२चा +३. नियम म्हणतो, मॉडिफायर एकाने वाढला की आजवरच्या प्रत्येक लेव्हलमागे एक हिट पॉइंट वाढतो, जणू पहिल्यापासून तो मॉडिफायर होता. हे दोन रस्त्यांनी करता येतं. नवी लेव्हल जुन्या मॉडिफायरने घ्या, ६ + २ = ८, झाले ४३, मग पाच लेव्हलचे पाच, झाले ४८. नाहीतर नवी लेव्हल नव्या मॉडिफायरने घ्या, ६ + ३ = ९, झाले ४४, मग मागच्या चार लेव्हलचे चार, झाले ४८. चूक होते ती दोन्ही अर्धे-अर्धे घेतल्यावर: नव्या मॉडिफायरने ९ आणि वर पाच, म्हणजे ४९. पाचवी लेव्हल दोनदा मोजली गेली.

पडताळा सोपा आहे. नुसत्या फाशांची बेरीज १० + ६ + ६ + ५ + ६ = ३३, त्यात ३ गुणिले ५ = १५. झाले ४८. दर लेव्हलला शीटच्या कोपऱ्यात फाशांची बेरीज वेगळी लिहून ठेवली तर कॉन कधीही बदलो, एका गुणाकारात उत्तर येतं.

हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट भरून काढायचे फासे): ४डी१० आणि १डी८. एकत्र '५डी१०' लिहू नका, शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीत) कुठला फासा वापरला ते कळायला हवं.

नवखी_खेळाडू
ताई, एक शंका. ठरलेला आकडा घ्यावा की फासा टाकावा? डी८ची सरासरी ४.५ आणि पुस्तक ५ देतं, मग फासा कोण टाकेल?

गणिताची_वही
निरीक्षण अचूक आहे. ठरलेला आकडा प्रत्येक फाशाच्या सरासरीपेक्षा अर्ध्याने जास्त आहे: डी६ला ४, डी८ला ५, डी१०ला ६, डी१२ला ७. वीस लेव्हलपर्यंत एकोणीस वेळा घेतलात तर सरासरी साडेनऊ हिट पॉइंटचा फायदा, शिवाय तळाला जाण्याची भीती नाही.

फासा टाकायचा आनंदच हवा असेल तर '१ आला तर पुन्हा टाका, १ सोडून काहीतरी येईपर्यंत' हा घरचा नियम ठेवा. डी८वर मग २ ते ८ उरतात, सरासरी बरोबर ५. डी६, डी१०, डी१२वरही पुस्तकातला ठरलेला आकडाच येतो. म्हणजे फासा टाकणारा आणि न टाकणारा यांत अन्याय उरत नाही. फासा मात्र सगळ्यांसमोर, टेबलावर पडावा.

नवखी_खेळाडू
वा! वाखुसा (वाचनखूण साठवली).

वीसफासा
प्रकाटाआ, प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

बर्डीकर
आता तिसरा मुद्दा, ज्यावर खरंच दोन मतं होऊ शकतात.

२०१४चं पुस्तक म्हणतं, लेव्हल मिळाली की एक हिट डाय वाढतो आणि कमाल हिट पॉइंट वाढतात. 'कमाल' हा शब्द महत्त्वाचा. आत्ताचे हिट पॉइंट वाढतात असं कुठे लिहिलेलं नाही. काटेकोर वाचलं तर १२ हिट पॉइंटवर उभा असलेला फायटर लेव्हल लागल्यावरही १२वरच उभा असतो, वरची मर्यादा तेवढी सरकते.

जितके कमाल वाढले तितकेच आत्ताचेही वाढवावेत, असं माझं मत. कारण उलट केलं तर खेळाडूच्या हाती लेव्हल लागून काहीच पडत नाही, आणि पार्टी पुढच्या दारापर्यंत जाण्याऐवजी तिथेच पथारी पसरते. पण हा टेबलाचा निर्णय आहे, पुस्तकाचा नाही, हे खेळाडूंना आधी सांगा.

वीसफासा
इथे मी उलट बाजूने. लढाई संपता-संपता लेव्हल लागली आणि सगळ्यांना आठ-दहा हिट पॉइंट फुकट मिळाले, तर लेव्हल ही बरं करण्याची पुडी होते. खेळाडू मग उंबरठ्याजवळ आले की विश्रांती न घेता लढाया ओढतात. लाँग रेस्टनंतरच शीट बदलायची हा नियम स्वच्छ. डीएमलाही खेळ अर्ध्यात थांबवून पुस्तक उघडावं लागत नाही.

मंत्रपोथी
वीसफासांचा नियम मंत्र टाकणाऱ्यांच्या बाबतीत पुस्तकाशीही बराच जुळतो. डीएम, पार्टीत शुद्ध क्लेरिकही असेल ना?

संत्रानगरी_डीएम
आहे. क्लेरिक ४, लाइफ डोमेन (क्लेरिकची एक उपशाखा). दुसऱ्या लेव्हलचे तिन्ही स्लॉट संपलेले.

मंत्रपोथी
मग तिचं बघू. पाचवीला तिला तिसरीचे दोन स्लॉट येतात. ते भरलेले येतात की रिकामे, हे पुस्तक सांगत नाही. 'खर्च केलेले स्लॉट लाँग रेस्टला परत येतात' एवढंच सांगतं. नवा स्लॉट खर्चच झालेला नाही, म्हणून तो भरलेला धरणं हे सरळ वाचन. मात्र संपलेले दुसरीचे तीन परत येत नाहीत. काही टेबलांवर लेव्हल लागली की सगळेच स्लॉट भरतात, त्याला आधार नाही.

तयार मंत्रांची यादी मात्र फक्त लाँग रेस्टनंतरच बदलता येते, दर मंत्र-लेव्हलमागे किमान एक मिनिट प्रार्थना करून. म्हणजे अर्ध्या डंजनमध्ये तिच्याकडे तिसरीचा स्लॉट आहे, पण तिसरीचा मंत्र तयार नाही. अपवाद डोमेनच्या मंत्रांचा. ते नेहमीच तयार असतात. लाइफ डोमेनला पाचवीला बीकन ऑफ होप आणि रिव्हिव्हिफाय येतात. त्यामुळे लेव्हल लागलेल्या क्षणी ती नुकत्याच मेलेल्या सोबत्याला उठवू शकते, एका मिनिटाच्या आत, ३०० सोन्याच्या किमतीचे हिरे जवळ असतील तर. हिरे मंत्रात खर्च होतात. ते आहेत का हे आत्ताच तपासा, लढाईच्या मध्यात नको.

रामटेककर
तिसरा रस्ताही आहे, डीएमच्या पुस्तकातला ऐच्छिक नियम: लेव्हल चढायला प्रशिक्षण. दुसरी ते चौथी लेव्हल गाठायला १० दिवस आणि २० सोन्याची नाणी. पाचवी ते दहावीला २० दिवस, ४० नाणी. अकरावी ते सोळावीला ३० आणि ६०. त्यापुढे ४० आणि ८०. एक्सपी पुरे झाले तरी गुरूकडे जाईपर्यंत शीट जुनीच. वाद आपोआप संपतो.

आपल्या भागात मोहीम मांडली असेल तर हे फार सुंदर बसतं. समजा पार्टी नागपुरात आणि गुरू रामटेकच्या गडावर. अंतर पन्नासेक किलोमीटर. पायी सामान्य चाल दिवसाला २४ मैल, म्हणजे साधारण ३९ किलोमीटर, म्हणून एका दिवसात पोचत नाही. पहिला मुक्काम नगरधनच्या किल्ल्याच्या आसपास, दुसऱ्या दिवशी चढण. जायला दोन, शिकायला वीस, यायला दोन: चोवीस दिवस. साधं राहणीमान दिवसाला १ नाणं धरलं तर २४, वर प्रशिक्षणाचे ४०. माणशी ६४ नाणी. या चोवीस दिवसांत शत्रू काय करतो हे डीएमने ठरवलं की पुढची दोन सत्रं तयार.

तर्रीबाज
नगरधनचा मुक्काम मे महिन्यात टाकला तर 'अतिउष्ण हवा' हा नियमही लागतो. १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं आणि प्यायला पाणी नसलं की तासाला कॉनची चाचणी, पहिल्या तासाला डीसी ५, पुढे दर तासाला एक वाढत जातो. चिलखतवाल्यांना वेगळा त्रास. आपल्याकडे तो आकडा सकाळी दहालाच ओलांडतो.

कलमवाली
पहिल्यापासून सगळे प्रतिसाद वाचले. मला वाटतं निम्मे वाद नियमाचे नाहीतच, शब्दाचे आहेत. इथे 'लेव्हल' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातोय: पात्र एकूण किती चढलं, एका क्लासमध्ये किती चढलं, आणि मंत्र किती वजनाचा आहे. इंग्रजीत अडचण आहे, पण आपल्याला ती घ्यायची काय गरज? मराठीत शब्द आहेत.

क्लास म्हणजे वर्ग. मग क्लासमधल्या लेव्हलला 'इयत्ता' म्हणा. फायटरची तिसरी इयत्ता, रोगची पहिली. चौथीत गेल्याशिवाय चौथीचं पुस्तक मिळत नाही हे कोणाही पोराला कळतं. पात्राच्या एकूण लेव्हलला 'पातळी'. मंत्राच्या लेव्हलला 'स्तर'.

गणिताची_वही
इयत्ता! हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही. एएसआय चौथ्या इयत्तेत मिळते, प्रोफिशियन्सी पाचव्या पातळीवर वाढते. वाक्यातच उत्तर आलं.

मंत्रपोथी
'स्तर' आणि 'पातळी' कानाला एकच वाटतात, गोंधळ पुन्हा होईल. मंत्राला 'मात्रा' म्हणू या. वैद्याच्या औषधाची असते तशी. तिसऱ्या मात्रेचा फायरबॉल. आणि स्लॉटला 'खण'. लहान मात्रा मोठ्या खणात बसते आणि जास्त गुण देते, मोठी मात्रा लहान खणात बसत नाही. विझार्ड-क्लेरिककडे तिसऱ्या मात्रेचे खण आहेत, तिसरी मात्रा नाही. वीसफासांचा सगळा प्रश्न एका ओळीत.

वीसफासा
या भाषेत सांगितलं असतं तर मी वाद घातलाच नसता. पूर्ण सहमत.

जुनाफासा
अवांतर, पण याच जागेचं. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड खेळाडू-पुस्तिकेत खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सने हाच मुद्दा मांडला आहे. पात्रासाठी एक शब्द, मंत्रासाठी दुसरा, राक्षसासाठी तिसरा असं करायचा विचार होता, पण तोवर 'लेव्हल' खेळाडूंच्या तोंडी इतका बसला होता की तसाच ठेवला. खेळाचा पहिला संच १९७४चा. चार वर्षांत शब्द हलवता येईना, आपण पन्नास वर्षांनी मराठीत हलवतोय, याचा आनंद आहे.

कलमवाली
'मात्रा' आणि 'खण' घेतले, माझ्या 'स्तर'पेक्षा चांगले आहेत. मग शीटवर दोन रकाने.

पातळीवर चालणारं: एक्सपी, प्रोफिशियन्सी बोनस, कॉनचे हिट पॉइंट, आणि कँट्रिपची (खण न लागणारे छोटे मंत्र) ताकद. कँट्रिप ५, ११, १७ या पातळ्यांवर वाढते, म्हणून आपल्या विझार्ड-क्लेरिकचा फायर बोल्ट आत्ताच २डी१० होतो, विझार्डची इयत्ता चौथीच असली तरी.

इयत्तेवर चालणारं: एएसआय, एक्स्ट्रा अटॅक, स्नीक अटॅक, चॅनल डिव्हिनिटी, कोणत्या मात्रेपर्यंतचे मंत्र येतात ते.

खण या दोन्हींत बसत नाहीत. ते सगळ्या मांत्रिक इयत्तांच्या बेरजेवर.

मंत्रपोथी
त्या बेरजेत बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझार्ड पूर्ण. पॅलाडिन आणि रेंजर निम्मे. एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टर एक-तृतीयांश. २०१४मध्ये अपूर्णांक खाली सोडायचा. वॉरलॉक बेरजेत नाहीच. त्याचे खण वेगळे आणि शॉर्ट रेस्टला भरतात, पण दुसऱ्या वर्गाचा मंत्र त्यांत टाकता येतो.

बर्डीकर
आणि इथेच एक धोका. कोणी २०२४चं पुस्तक घेऊन बसला असेल तर पॅलाडिन-रेंजरचे निम्मे वर धरले जातात. विझार्ड ४ आणि पॅलाडिन १: जुन्या पुस्तकाने चौथी ओळ, नव्याने पाचवी. नव्याने तिसऱ्या मात्रेचे दोन खण, जुन्याने शून्य. नव्यात सबक्लास (क्लासमधली उपशाखा) सगळ्यांना तिसऱ्या इयत्तेत मिळतो, त्यामुळे क्लेरिकच्या पहिल्या इयत्तेत डोमेन नाही. क्युअर वूंड्स नव्यात २डी८पासून सुरू होतं. एक्सपीचा तक्ता तेवढा तोच राहिला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून सोयीचं वाक्य निवडणं बंद करा.

पुस्तक नसलेल्यांसाठी: २०१४च्या नियमांचा मूळ मजकूर, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुला झाला. श्रेय देऊन भाषांतर करायला, छापायला हरकत नाही. कलमवाली, तुमचे रकाने घेऊन मराठी शीट काढता येईल. त्यात दर वर्गाला एकच सबक्लास आहे, पण लाइफ डोमेन त्यातच आहे.

हिशेबनीस
उशिरा आलो. सगळं नीट वाचलं आणि मूळ धाग्यातल्या एका आकड्यावर अडलो. डीएम, ओगर सीआर २ (राक्षसाचा अवघडपणाचा दर्जा), प्रत्येकी ४५० एक्सपी. दोन म्हणजे ९००. तुम्ही १३५० वाटले आहेत. दोन राक्षसांसाठीचा दीडचा गुणक लावलेला दिसतो.

तो गुणक फक्त लढाई किती अवघड आहे हे आधी जोखायला आहे. एक राक्षस असेल तर १, दोन असतील तर १.५, तीन ते सहा असतील तर २, कारण जास्त राक्षस म्हणजे जास्त वार. पण वाटायचे एक्सपी गुणकाशिवाय, राक्षसांचे मूळ आकडे. ९०० भागिले ५ म्हणजे १८०. ६२५० अधिक १८० म्हणजे ६४३०.

पाचवी पातळी लागलेलीच नाही. प्रत्येकी ७० कमी आहेत.

वीसफासा
अरे देवा. तीस प्रतिसादांनंतर.

संत्रानगरी_डीएम
बरोबर पकडलंत, मनापासून आभार. चूक पूर्ण माझी. लढाई जोखायला केलेल्या कागदावरचा खालचा आकडा तसाच उचलला. मागच्या सत्रांच्या नोंदी आत्ता तपासल्या, तिथे राक्षसांचे मूळ आकडेच आहेत, म्हणजे घोळ फक्त या लढाईचा. खेळाडूंना आजच कळवतो.

प्रश्न असा, त्यांनी आठवडाभर पाचवीची तयारी केली आहे. आता ७०साठी पुन्हा एखादा ओगर उभा करायचा का? तो दिखाऊपणा होईल.

हिशेबनीस
नको. लढाईशिवायही एक्सपी देता येतात. डीएमच्या पुस्तकात आहे: अपयशाची खरी शक्यता असलेलं आव्हान पार केलं, तर त्याच अवघडपणाच्या लढाईइतके एक्सपी द्यावेत. चौथ्या पातळीच्या पात्राला सोप्या आव्हानाचे १२५, मध्यमचे २५०, अवघडचे ३७५, जीवघेण्याचे ५००. हे आकडे माणशी आहेत. पुढच्या खोलीत काय आहे?

संत्रानगरी_डीएम
पाण्याने भरलेली विहीर, तळाशी लोखंडी दार, साखळीची चक्री. चक्री चुकीच्या दिशेने फिरली तर पाणी वर चढतं.

हिशेबनीस
मग झालं. बुडण्याची भीती खरी आहे, आव्हान सोपं धरलं तरी माणशी १२५. ६४३० अधिक १२५ म्हणजे ६५५५. दार उघडलं की पाचवी पातळी. पण उघडलं तरच. आधीच ठरवून देऊ नका.

रामटेककर
आणि दारापलीकडे कोरडी, सुरक्षित खोली ठेवली तर लाँग रेस्ट तिथेच. वीसफासा आणि बर्डीकर दोघांचंही समाधान.

संत्रानगरी_डीएम
ठरलं. या टेबलाचा नियम: एक्सपी सत्राच्या शेवटी, शीट लाँग रेस्टनंतर. फायटरची चौथी इयत्ता, कॉन १६, हिट पॉइंट ४८, एक्स्ट्रा अटॅक पुढच्या पातळीला. विझार्ड-क्लेरिकला खण ४, ३, २, पोथीत नवं काही नाही. एएसआयबद्दल फायटरच्या खेळाडूला इयत्ता-पातळीच्या भाषेत सांगितलं, एका मिनिटात पटलं त्याला.

विझार्ड-क्लेरिकची शीट भरताना एकच रकाना उरला. प्रोफिशियन्सी +३, मंत्रांचा डीसी ८ + ३ + ४ = १५. हाच दोन्हीकडे ना?

मंत्रपोथी
नाही. दोन रकाने करा. विझार्डच्या मंत्रांना इंटेलिजन्स, डीसी १५. क्लेरिकच्या मंत्रांना विझ्डम १३चा +१, म्हणजे ८ + ३ + १ = १२. म्हणून क्लेरिकच्या बाजूने शत्रूला सेव्ह (बचावाची चाचणी) करायला लावणारे मंत्र तयार करू नका. डोमेन लाइफ घेतलं तर ब्लेस आणि क्युअर वूंड्स फुकट तयार असतात, दोन्हींना डीसी लागत नाही. तिसऱ्या खणातलं क्युअर वूंड्स ३डी८ + १, वर लाइफ डोमेनचे २ + ३ = ५. ती बेरीज मंत्राच्या नावासमोरच लिहून ठेवा.